कडब्याची गंज तापली तेव्हा

मंगळवेढा तालुक्यातल्या एका शेतकरी घरातली ही एका सुगीची हकिकत. मी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे आणि या घराच्या गोठ्यात पंधरा वर्षं माझं येणंजाणं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. आकडे घरच्या वहीतले आहेत. वैरण वाळवणं, पेंढ्या बांधणं, गंज म्हणजे पेंढ्यांचा मोठा ढीग रचणं ही कामं लहानपणापासून डोळ्यांदेखत होत असतात, म्हणून ती कुणालाही जमतील असं वाटतं. त्या वर्षी एका निर्णयात घरधनी चुकला आणि त्याच निर्णयात माझाही सल्ला चुकला. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतो आहे.

पार्श्वभूमी

घरची ७ एकर जमीन. ५ एकर खोल, काळं, उन्हाळ्यात भेगाळणारं रान. दीड एकर विहिरीखालचं, तिथं कांदा. उरलेल्या अर्ध्या एकरात घर, गोठा आणि खळं. घरात ७८ वर्षांचे आबा, आजी, त्यांचा मुलगा, सूनबाई आणि सोलापुरात कॉलेजला असलेला नातू. दावणीला दोन खिलार बैल, एक पंढरपुरी म्हैस आणि दोन संकरित गाई.

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. त्यामुळं इथलं मुख्य पीक रब्बीची ज्वारी. उत्तरा-हस्ताच्या ओलीवर पेरायची आणि पुढं रानातल्या ओलाव्यावर, थंडीवर सोडून द्यायची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण इथली माणसं त्याआधीपासून या भागाला ज्वारीचं कोठारच म्हणत आली. या घरात मालदांडी पेरतात. तिचं एम ३५-१ हे निवड वाण जिल्ह्यातल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात निवडलं गेलं. नंतर फुले वसुधा, फुले सुचित्रा असे जादा उताऱ्याचे वाण आले. तरी दावणीला जनावर असलेला माणूस मालदांडी सोडत नाही, कारण तो दाण्याइतकाच कडब्याकडं बघून पेरतो. मालदांडीचं ताट गोड असतं आणि जनावर ते बुडख्यापर्यंत चघळतं.

आबांचा हिशोब ठरलेला आहे: अडीच हजार पेंढी गंजीत असली की पुढची सुगी गाठता येते. मी तो कागदावर मांडून पाहिला. पेंढी सरासरी ३ किलोची. मार्च ते जून हिरवं काही नसतं, तेव्हा पाच मोठ्या जनावरांना दिवसाला ३५ किलो कोरडी वैरण लागते. त्या चार महिन्यांचे झाले साधारण ४,२०० किलो. पुढचे आठ महिने बांधावरचं गवत, कडवळ (हिरव्या चाऱ्यासाठी पेरलेली ज्वारी), कांद्याच्या रानातला मका यांची जोड असते, तरी रोज १२-१३ किलो कडबा लागतोच, म्हणजे आणखी ३,१०० किलो. एकूण ७,३०० किलो. आबांच्या अडीच हजार पेंढ्या भरतात ७,५०० किलो. शाळेत चौथीच्या पुढं न गेलेल्या माणसाचा हा अंदाज माझ्या पशुआहाराच्या पुस्तकाशी जवळजवळ जुळला, तेव्हापासून मी त्यांच्या बोलण्याकडं जास्त लक्ष देऊ लागलो. (एकदा दिलं नाही, ते पुढं येईल.)

या आकड्यामागं एक धास्ती आहे. २०१८-१९ च्या दुष्काळात या घरचे बैल चार महिने चारा छावणीत होते आणि आबा बैलांशेजारी बाज टाकून तिथंच राहिले. परत आल्यावर त्यांनी अट घातली की दाणे विकायचे तर विका, कडबा विकायचा नाही.

गंजीशिवाय या घरात आणखी एक वैरण असते, आणि ती सर्वस्वी आजींची. बांधावरचा मारवेल फुलोऱ्यात आला की दसऱ्याच्या पुढंमागं त्या विळा घेऊन निघतात. शेजारीपाजारी दिवाळीनंतर गवत कापतात, कारण तेव्हा ते उंच आणि भरघोस दिसतं. आजी थांबत नाहीत. बी धरलं की गवताचा जीव बियात जातो आणि खाली नुसती काडी उरते, असं त्या म्हणतात, आणि ते शास्त्राला धरून आहे. फुलोऱ्यानंतर गवतातली प्रथिनं घटत जातात आणि काष्ठतंतू वाढत जातात. कुसळी असेल तर बी धरल्यावर तिची कुसळं जनावराच्या हिरड्यांत आणि जिभेत रुततात ते वेगळंच. कापलेलं गवत आजी पातळ पसरतात, सकाळी दव उडाल्यावर एकदा आणि दुपार कलल्यावर एकदा आकडीनं उलटतात आणि तिन्हीसांजेला गोळा करून सपराखाली घेतात, म्हणजे रात्रीचं दव बसत नाही. तिसऱ्या दिवशी मूठभर गवत पिळून बघायचं. काडी कुरकुरली, पण पानाचा चुरा झाला नाही, तर पेंढी बांधायची. अशी पेंढी जानेवारीतसुद्धा सोडली तर हिरवट दिसते आणि तिला वास येतो. त्या वर्षी आजींच्या दीड-दीड किलोच्या ४०० पेंढ्या माळ्यावर होत्या. तेव्हा त्यांचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं.

अडचण

ज्वारी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पिवळी पडली. काढायची कुणी, हा प्रश्न होता. आपल्याकडं रब्बीची ज्वारी उपटून काढतात. कमरेत वाकून, ताट दोन्ही हातांनी धरून मुळासकट ओढायचं, झाडून माती पाडायची आणि कणसं एका अंगाला ठेवून आडवं करायचं. भेगाळलेल्या रानात मुळं घट्ट धरतात. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड येतात, तिसऱ्या दिवशी ते फुटतात. या कामाला आता मजूर मिळत नाही, आणि मिळाला तर उक्तं मागतो. मजुराचं त्यात चुकतं असं मी म्हणणार नाही, त्या कामाचे पैसे कमीच आहेत. घरात उपटणारी माणसं दोन, मुलगा आणि सूनबाई. नातू शनिवार-रविवारी यायचा.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय हार्वेस्टरचा. शेजारच्या शेतकऱ्यानं तोच निवडला. दाणे काही तासांत पोत्यात जातात. पण ताटं चिरडून रानात विखुरतात आणि कडबा म्हणून हाताला काही लागत नाही. पाच जनावरांच्या घराला वर्षभर वैरण विकत घेणं परवडलं नसतं.

दुसरा, कडबा उभ्या पिकातच व्यापाऱ्याला देऊन काढणी त्याच्या अंगावर टाकायची. आबांनी हा विषय काढू दिला नाही.

तिसरा पर्याय मीच आधी सुचवला होता: दोन एकरांचा मुरघास, म्हणजे हिरवा चारा कापून, दाबून, हवाबंद मुरवायचा. मुरघास उत्तम वैरण आहे, मी इतरत्र तो करून घेतला आहे. पण त्यासाठी पीक दाणा चिकात असताना कापावं लागतं, म्हणजे त्या दोन एकरांची भाकरी सोडावी लागते. शिवाय माझं सुचवणं जानेवारी संपताना झालं. ती वेळ निघून गेली होती.

चौथा, जुनी रीत. उपटायची, वाळवायची, बांधायची, बुचाड लावायचं (पेंढ्या एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या), गंज रचायची. माणसांची सोय सावडीनं करायची. आबांनी चार घरं जमवली. आज तुमच्या रानात, उद्या आमच्या रानात. गावात सावड मोडून दहा-बारा वर्षं झाली होती. ती पुन्हा जमली याचं श्रेय आबांच्या शब्दाला आहे, पण कारण हेही होतं की त्या चारही घरांत दावणीला जनावरं होती आणि चौघांनाही कडबा हवा होता.

चौथा पर्याय ठरला. माझ्या मते तो बरोबरच होता.

काय केलं: पहिले तीन एकर

१२ फेब्रुवारीला नऊ जणांनी पात धरली आणि चार दिवसांत तीन एकर उपटून झालं. ताटं रानात पाच दिवस वाळली. मग पेंढ्या बांधायला सगळे पहाटे पाचला रानात. मी एक दिवस गेलो होतो. डोक्याला टॉवेल, हातात बॅटरी, आणि पायाखाली दवानं मऊ झालेली ताटं. पहाटेच का, तर दवावर पान नरम असतं आणि हाताळताना झडत नाही. कडब्यात जे काही सत्त्व आहे ते जास्त करून पानात असतं. दुपारी बांधलेल्या पेंढीतून अर्धं पान मातीत जातं आणि गव्हाणीत नुसती काठी पडते. ज्वारीचीच दोन ताटं पिळून त्यांचा बंध करायचा, गुडघा पेंढीवर रोवायचा, पीळ देऊन टोक आत खोचायचं. सूनबाई मिनिटाला एक पेंढी बांधत होत्या. ऊन अंगावर आलं की काम बंद. दव उडाल्यावर कुणी पेंढीला हात लावायचा नाही.

बांधलेल्या पेंढ्यांची त्याच सकाळी बुचाडं लागली. कणसं वर, बुडखे खाली, पेंढ्या एकमेकींना टेकवून उभ्या, मध्ये वारा खेळेल एवढी पोकळी. आठवड्यानं कणसं मोडून खळ्यावर नेली आणि मळणी यंत्रात घातली. पेंढ्या गंजीला आल्या, १,४६० भरल्या.

गंजीची जागा आबांनी घरापासून लांब, विजेच्या तारेपासून बाजूला, थोड्या उंचवट्यावर धरली. खाली दगड, दगडांवर तुराट्यांचा थर, त्यावर राख. जमिनीची ओल वर चढत नाही आणि वाळवीला आडकाठी होते. रचताना बुडखे बाहेर, शेंडे आत. आबांचा एकच धोशा चालला होता: "पोट भर रं, आधी पोट भर!" गंजीचा मधला भाग कायम कडेपेक्षा उंच राहिला पाहिजे. तो उंच असला की प्रत्येक पेंढी बाहेरच्या बाजूला उतरती राहते आणि पावसाचं पाणी ताटावरून बाहेर ओघळतं. पोट खोल राहिलं तर तीच पेंढी पन्हाळी होते आणि पाणी थेट गंजीच्या काळजात नेते. हा भाग आबांनी स्वतः वर उभं राहून रचून घेतला आणि तो शेवटपर्यंत खडखडीत राहिला.

दुसरे दोन एकर आणि पाऊस

सावडीत मग दुसऱ्या घराची पाळी आली, त्यात एका घरी लग्न निघालं. या घरचे उरलेले दोन एकर २३ फेब्रुवारीला धरले, २५ ला उपटून झाले. आभाळ भरून यायला लागलं म्हणून पाच दिवसांऐवजी दोनच दिवस वाळवून २७ च्या पहाटे पेंढ्या बांधल्या. त्या दिवशी हरभराही काढायला आला होता. बुचाडं उद्या लावू, असं म्हणून पेंढ्या आडव्याच ठेवून सगळे हरभऱ्याकडं गेले.

रात्री पाऊण तास पाऊस झाला, वाऱ्यासकट.

प्रकरणातला पहिला चुकीचा निर्णय मला हा वाटतो, आणि त्या वेळी तो निर्णय आहे हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. उभ्या पेंढीवरून पाणी ओघळतं आणि सकाळच्या उन्हा-वाऱ्यात ती तासाभरात कोरडी होते. आडव्या पेंढीत पाणी वरून शिरतं, खालची बाजू काळ्या मातीत बसते आणि चिखल दोन्हीकडून ओल धरून ठेवतो. हरभरा एक दिवस थांबला असता.

खरा पेच

दोन दिवसांनी पेंढ्या वरून कोरड्या दिसू लागल्या. मोबाईलवर पुन्हा पावसाचा अंदाज होता. १ मार्चच्या संध्याकाळी ओट्यावर जी चर्चा झाली तिला मी फोनवरून हजर होतो.

आबांचं म्हणणं, बुचाड लावा, आठ दिवस वारा लागू द्या, आणखी पाऊस आला तरी उभ्या पेंढीला फारसं होत नाही. मुलाचं म्हणणं, आणखी भिजलं तर काळं पडेल, आहे ते उचलून गंजीला लावू आणि झाकू. त्याच्या बोलण्यात कळकळ होती. कणसं अजून पेंढ्यांवरच होती आणि दाणा डागाळायला लागला होता. दोन एकरांची ज्वारी डोळ्यांपुढं जाताना दिसत असली की माणसाला काहीतरी करावंसं वाटतं, नुसतं थांबणं जमत नाही. त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "रचून घ्या, वर ताडपत्री ओढा, म्हणजे पाऊस लागायचा प्रश्न नाही."

पाऊस कुठून येईल एवढाच विचार मी केला. आत असलेली ओल कुठून जाईल, हा विचार केला नाही.

आबा एवढंच म्हणाले, "डॉक्टर, पेर मोडून बघितलं का कुणी?" कुणी बघितलं नव्हतं. कडबा वाळला की नाही हे पानावरून कळत नाही. पान एका दिवसात वाळतं, ताटाच्या पेरातली ओल जायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पेर मोडून बघायचं असतं. कट्कन तुटलं तर वाळलं. पिळलं आणि आतला गर बोटाला ओलसर, गार लागला, तर अजून दिवस आहेत. वाळलेल्या वैरणीत साधारण १५ टक्क्यांपर्यंत ओल चालते. ती २० टक्क्यांच्या वर गेली की दाबून रचलेल्या ढिगात बुरशी आणि जिवाणू कामाला लागतात आणि त्यांच्या कामानं ढीग तापतो.

२ तारखेला कणसं मोडून घेतली, ३ तारखेला १,०२० पेंढ्या आधीच्या गंजीला लागूनच, उत्तरेच्या बाजूनं रचल्या. रचायला मुलगा आणि नातू होते. आबांचा गुडघा धरला होता, ते वर चढले नाहीत. कामाची घाई, त्यामुळं पोट भरायचं राहिलं. वरून निळी ताडपत्री ओढून कडेला दगड बांधले. आणि दुसरा पाऊस आलाच नाही, नुसते चार थेंब पडले.

नवव्या दिवसाची पहाट

१२ मार्चला सकाळी सहाला फोन आला. फोनवर सूनबाई होत्या. गंजीजवळ गुऱ्हाळासारखा गोड वास येतोय आणि ताडपत्रीच्या कडेनं वाफ निघतेय, असं त्या म्हणाल्या. मी पोहोचलो तेव्हा आबा उत्तरेच्या अंगाला खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी पहार मागवली होती.

पहार गंजीच्या मध्यावर, छातीच्या उंचीला, ठोकत ठोकत हातभर आत घातली आणि तशीच ठेवली. वीस मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग नातवानं ती ओढून काढली. आबांनी आतलं टोक मुठीत धरलं आणि मनातल्या मनात आकडे मोजू लागले. तिसऱ्या आकड्याला मूठ सोडली. मी धरून बघितलं. हात टेकवत नव्हता. टोकाला ओला, तंबाखूसारखा तपकिरी चुरा चिकटला होता. कोरड्या भागात पहार घालून पाहिली, ती नुसती कोमट निघाली.

आता दोनच वाटा होत्या. गंज तशीच ठेवायची आणि ती आपोआप निवेल असं धरून चालायचं. कधीकधी ती निवतेही. किंवा फोडायची. फोडण्यात धोका असतो, हे मला वाचून माहीत होतं. आत खूप तापलेल्या गंजीत एकदम हवा शिरली तर पेट घेऊ शकतो. न फोडण्यातला धोका त्याहून मोठा होता, कारण लागूनच चांगल्या १,४६० पेंढ्या होत्या. ओली वैरण चांगल्या वैरणीला खेटून रचणं ही चूक त्या क्षणी सगळ्यांना एकदम दिसली.

निर्णय आबांनी घेतला आणि क्रमही त्यांनीच सांगितला. आधी पाणी: पाण्याचे दोन टँकर मागवले, विहिरीचा पाइप ओढून ठेवला. बैलगाडीभर ओली माती गंजीशेजारी ओतली. मग दोन भागांच्या मधला पट्टा फोडून चांगली गंज मोकळी केली आणि दोन्हींत आठ हातांचं अंतर पाडलं. ताडपत्री काढली आणि वरून थर उचलत उचलत पेंढ्या पसरल्या. गंजीच्या मध्यावर कुणी उभं राहायचं नाही, कारण आत जळून पोकळी झालेली असली तर पाय आत जातो. तोंडाला रुमाल बांधायला मी सांगितलं, कारण बुरशीचा भुरका छातीला बाधतो. वरचे तीन-चार थर ताडपत्रीखाली दव साचून भिजलेले आणि पांढऱ्या बुरशीनं जाळी धरलेले होते. त्याखाली वाफ, आणि पोटात भाजल्यासारखा तपकिरी गाभा. ज्वाला कुठंही निघाली नाही. दुपारी एकला शेवटची पेंढी पसरली.

परिणाम

१,०२० पेंढ्यांतल्या ३४० बुरशी लागलेल्या निघाल्या, त्या थेट उकिरड्यावर गेल्या. बुरशीची वैरण धुऊन, वाळवून, मीठ मारून घालतात, तसं करू नये यावर मी अडून बसलो. गाभण जनावर त्यानं गाभडू शकतं आणि बुरशीचं विष उन्हानं जात नाही. २६० पेंढ्या नुसत्या तपकिरी झालेल्या, बुरशी नसलेल्या. त्या जनावरं आवडीनं खातात, कारण त्यांना गोडूस वास असतो. पण तापल्यामुळं त्यातली प्रथिनं पचायला जड झालेली असतात. त्या एप्रिलमध्ये बैलांना आणि थोड्या गाईंना घातल्या. त्या पंधरवड्यात एका गाईचं दूध दिवसाला लिटरभर उतरलं. सरकीची पेंड थोडी वाढवल्यावर ते सावरलं. ४२० पेंढ्या चांगल्या निघाल्या.

हाताशी उरल्या २,१४० पेंढ्या, म्हणजे ६,४२० किलो. गरजेपेक्षा जवळजवळ ९०० किलो कमी. यातले ६०० किलो आजींच्या गवतानं भरून काढले. मे महिन्यात म्हैस व्यायली, तेव्हा तिला तेच हिरवट गवत दिलं. उरलेल्यासाठी कांदा निघाल्यावर अर्ध्या एकरावर कडवळ केलं आणि फुलोऱ्यात आल्यावरच कापलं, कारण कोवळ्या ज्वारीची किराळ, म्हणजे विषबाधा, लागते. वर्षभर एकही पेंढी विकत घ्यावी लागली नाही.

दाण्याचा तोटा मात्र झाला. त्या दोन एकरांची ११ क्विंटल ज्वारी काळवंडली आणि क्विंटलमागं ६०० रुपये कमी आले. हार्वेस्टर लावलेल्या शेजाऱ्याचे दाणे २४ फेब्रुवारीला घरात होते, मोत्यासारखे. मे महिन्यात त्यानं गाईंसाठी २५ रुपयांनी हजार पेंढ्या घेतल्या आणि मध्ये दोन महिने उसाच्या वाढ्यावर काढले. नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवलं तर त्यातलं ऑक्झॅलेट अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं, म्हणून मी त्याला खनिज मिश्रण सुरू करायला लावलं. शिवाय कापलेल्या धसांना त्या पावसावर फुटवे आले, तिथं जनावर सोडू नका हेही सांगावं लागलं. त्याचा निर्णय चूक होता असं मी म्हणत नाही. त्याच्याकडं दोनच गाई होत्या, आणि दोन गाईंसाठी पाच एकर उपटणं कुणालाही जड गेलं असतं.

पुन्हा करायचं तर

पेंढी बांधली त्याच दिवशी बुचाड. त्यात उद्या नाही. बाकी काम पडलं तरी चालेल. या एका गोष्टीनं पुढचं बहुतेक सगळं टळलं असतं असं मला वाटतं.

भिजलेला माल वेगळा, लहान लहान ढिगांत रचावा, चांगल्या गंजीला कधीच खेटवू नये. त्यांच्याकडं जागा होती. एका गंजीला एकच तुराट्यांचा थर लागतो, तेवढा एक फेरा वाचवायला दोन्ही एकत्र आले.

ताडपत्रीबद्दल मी माझा सल्ला बदलला आहे. नवीन रचलेल्या गंजीवर प्लास्टिक ओढू नये. आतून निघणारी वाफ त्याला खालून लागते आणि पाणी होऊन परत कडब्यावर पडते. जुन्या कडब्यानं किंवा उसाच्या पाचटानं शाकारलं तर पाऊस अडतो आणि वाफ निघून जाते. ताडपत्री लावायचीच तर गंज महिनाभर निवल्यावर, आणि तीही वर आडवं लाकूड टाकून, मध्ये हवा ठेवून. रचल्यावर पहिले तीन आठवडे दर दोन दिवसांनी पहार घालून बघायची. त्या घरी नवव्या दिवशी वास आला म्हणून कळलं. पाचव्या दिवशी पहार घातली असती, तर ओल्या भागातल्या बऱ्याच पेंढ्या वाचल्या असत्या.

माझ्या मते एक प्रश्न अजून सुटलेला नाही. जुनी रीत या घराला परवडते, पण ती कुणाच्या अंगावर परवडते? सुगी संपल्यावर सूनबाई दवाखान्यात शेळीचं औषध न्यायला आल्या होत्या. तळहातावर चरे पडले होते आणि त्यांत माती बसलेली होती. त्या म्हणाल्या, "कडबा पायजे, मला मान्य हाय. पण पाच एकर मी आता उपटणार न्हाई." वहीत पेंढ्या, क्विंटल, दर सगळं होतं, त्यांचे दिवस कुठंच मांडलेले नव्हते. मी ते मांडून बघितले: उपटणं, बांधणं, दोन वेळा रचणं आणि एकदा फोडणं धरून २६ दिवस. सावडीतले, दुसऱ्यांच्या रानात गेलेले दिवस यात नाहीत.

पुढच्या हंगामासाठी घरात असं ठरलं आहे की तीन एकर मालदांडी हातानं काढायची, दोन एकरांत लवकर येणारा वाण पेरून त्यावर हार्वेस्टर घालायचा आणि कडब्याची तूट बांधाच्या गवतानं भरायची. त्यासाठी आजींनी ओढ्याकडच्या बांधावरही मारवेलाची ठोंबं लावून घेतली आहेत. दोन एकर कोणते, यावर मात्र एकमत झालेलं नाही. सूनबाई विहिरीकडचा तुकडा म्हणतात, कारण तिथली माती घट्ट आहे आणि मुळं सुटत नाहीत. आबांना तोच तुकडा हातानं काढायचा आहे, कारण तिथलं ताट सगळ्यात गोड असतं.